सरांची फुटकी पेशी

सकाळचा पहिला चहा झाला होता, दुसऱ्याचं आधण चढलं होतं, आणि सर आरशासमोर उभे राहून गहिवरण्याचा सराव करत होते.

सरांचं गहिवरणं ठरल्या जागी यायचं. "आणि ही इवलीशी पेशी, मित्रहो, स्वतः फुटते," इथे ते थांबायचे, चष्मा काढायचे, "तेव्हा कुठे पानाला सुगंध मिळतो." मग चष्मा पुसायचा. कोरडा असला तरी पुसायचा. आत दुधाच्या पातेल्यावर डोळा ठेवून उभ्या असलेल्या काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, नुसत्या आवाजावरून कळायचं, की आता चष्मा निघाला, आता पुसून झाला, आता पुढचं वाक्य आपल्यावर येणार. आलंच.

"अशीच एक पेशी माझ्या घरातही आहे."

"ती पेशी दुधापाशी उभी आहे," बाहेरच्या खोलीतून ताई म्हणाल्या. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत आणि कुणाला भीक घालायच्या फंदातही पडल्या नाहीत. सकाळचं वर्तमानपत्र त्या घरादाराला ऐकू जाईल असं वाचायच्या, आणि बातमी संपली की भावाकडे वळायच्या. "तिला म्हणावं, फुटायच्या आधी माझा चहा गाळ."

"ताई, उद्याच्या समारंभाची तयारी चाललीय."

"ते दिसतंच आहे. कुणी मेल्याशिवाय रडायची तयारी करणारा तूच बघितला."

काकूंनी गॅस बारीक केला आणि हसू पदरात लपवलं.

सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्त झाल्याचं त्यांच्या आवाजाला कुणी कळवलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी एकच काम मन लावून केलं होतं, लिंबाच्या पानावर. लिंबाचं पान उजेडासमोर धरलं की त्यात बारीक बारीक, काचेसारखे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक पिशवी. पान चुरगाळलं की जो वास बोटांना लागतो तो तिच्यातला. आता प्रश्न असा, की पानात पेशी तर भिंतीला भिंत लावून बसलेल्या असतात. त्या दाटीवाटीत तेलाला जागा मिळते कुठून? सरांचं उत्तर होतं, मधल्या पेशी फुटतात. मरतात, विरघळतात, आणि त्यांच्या मरणाने झालेल्या पोकळीत तेल साठतं. हे काही सरांनी एकट्याने शोधलेलं नव्हतं, त्यांच्या आधीच्या पुस्तकांतही होतं. पण एका लिंबाच्या पानातून सरांनी जितका रस काढला तितका कुणी अख्ख्या बागेतून काढला नसेल.

"जी स्वतः फुटते, तीच सुगंध देते." हे वाक्य ते निरोप समारंभात म्हणायचे, लग्नात नवरीकडे बघून म्हणायचे, वाचनालयाच्या उद्घाटनाला म्हणायचे. एकदा शेजारचे गृहस्थ अति खाऊन वारले तेव्हा शोकसभेतही म्हणाले, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्या गृहस्थांच्या बायकोला हसावं की रडावं कळेना. महाविद्यालयाच्या शिपायाने पगारवाढ मागितली तेव्हा सरांनी त्यालाही पेशीची गोष्ट सांगितली. शिपाई म्हणाला, "सर, मी फुटलो तर झाडू कोण मारणार?"

आणि आता महाविद्यालयाने प्रयोगशाळा नवी बांधली होती. उद्या संध्याकाळी तिचं उद्घाटन. दारावर दगडी पाटी लागणार होती, पाटीवर सरांचं नाव, नावाखाली सरांचं ते वाक्य. व्यासपीठावर काकूंनाही बसवायचं ठरलं होतं. सरांच्या भाषणात शेवटी ज्या पेशीवर बोट दाखवायचं, ती पेशी समोर असलेली बरी, असं प्राचार्यांचंही मत पडलं.

काकूंना मात्र ती खुर्ची नको होती. कारण सरांच्या भाषणातला त्यांचा त्याग हा मुळात झालेलाच नव्हता.

लग्नानंतर काही वर्षं काकू बियाणं तपासणीच्या कार्यालयात नोकरीला होत्या. ओल्या टीपकागदावर दाणे मांडायचे, कितींना मोड आले ते मोजायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वरचा अधिकारी दिवसभर स्वतःची पेन्सिल आणि दुसऱ्याचं डोकं खायचा. एका दुपारी काकूंनी राजीनामा दिला, घरी आल्या, पाय पसरून झोपल्या, आणि संध्याकाळी सर आल्यावर म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची." सरांचे डोळे भरून आले. "माझ्या संशोधनासाठी तू नोकरीवर पाणी सोडलंस!" काकू म्हणाल्या, अहो, तसं नाही, मला कंटाळा आला होता. सर म्हणाले, त्यागी माणसं असंच म्हणतात. त्या दिवसापासून काकूंनी जितक्या वेळा नाही म्हटलं तितका त्यांचा त्याग मोठा होत गेला. शेवटी त्यांनी नाही म्हणणं सोडलं. सर म्हणाले, बघा, आता तर बोलतही नाही!

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते बाहेरच्या खोलीत खिडकीला चिकटून उभं होतं. सरांचं लांबलचक टेबल. महाविद्यालयाने भंगारात काढलं तेव्हा सरांनी घरी आणलं. त्यावर बुरखा घातलेला सूक्ष्मदर्शक, आणि काचेच्या बरण्यांची फौज. बरण्यांत सरांनी स्वतःच्या हाताने बनवलेला द्रव, त्यात पानांचे तुकडे. या द्रवाला सर 'अमृत' म्हणायचे. पान खुडलं की अमृतात टाकायचं, चांगलं मुरू द्यायचं, मगच कापून बघायचं. ताजं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणाऱ्याला ते अडाणी समजायचे. "कणीक न मळता लाटायला घेतल्यासारखं आहे ते," असं स्वयंपाकघराकडे कधी न फिरकलेले सर वर्गात सांगायचे.

निवृत्तीनंतर त्या टेबलाशी कुणी बसलेलं काकूंना आठवत नव्हतं. पण घरातला सगळा उजेड त्या एका खिडकीतून यायचा, आणि तो बरण्यांवर पडायचा. काकूंना वाचायचा नाद. त्या फ्रीज आणि ओट्याच्या मधल्या फटीत स्टुलावर बसून वाचायच्या, गुडघे खणाला टेकवून. कुणाला खण उघडायचा असला की पुस्तकात बोट घालून उठायच्या, पुन्हा बसायच्या. एकदा त्यांनी म्हणून बघितलं होतं, की हे टेबल जरा... सर म्हणाले होते, "अगं, तू आत असतेस म्हणून घराला गंध आहे." गंधाला कुठे गुडघे असतात?

तर ताईंचा चहा गाळून काकू बाहेर आल्या आणि दारावर टकटक झाली. घंटा असताना टकटक करणारी व्यक्ती एक तर घाईत असते नाही तर भ्यालेली. दारात शंकेखोर उभी होती, दोन्हीही.

शंकेखोर हे नाव सरांनीच ठेवलेलं. वर्गात शेवटच्या बाकावरून हात वर करायची आणि "सर, पण..." म्हणायची. आता ती त्याच महाविद्यालयात शिकवत होती आणि उद्याच्या पाटीची जबाबदारी तिच्याकडे होती. खांद्याला जड पिशवी, केस अर्धे विंचरलेले.

"ये ये!" सर आरशापासूनच म्हणाले. "पाटी झाली?"

"नाही सर. पाथरवट वाक्य कोरायला बसतोय. दुपारपर्यंत नक्की मजकूर सांगा म्हणाला." ती खुर्चीच्या टोकावर टेकली. "सर, पण..."

"आली बघा," ताईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. आता बातमी समोरच घडणार होती.

शंकेखोरने काकूंकडे बघितलं, पाणी मागितलं, प्यायली, आणि एका दमात बोलून टाकलं. वर्गात लिंबाच्या पानाचं प्रात्यक्षिक होतं. अमृत संपलेलं. म्हणून तिने मुलींना ताजंच पान कापायला सांगितलं. सगळ्यांच्या तुकड्यांत पेशी फुटलेल्या दिसल्या, सरांनी शिकवल्याप्रमाणे. एकीच्या मात्र सगळ्या शाबूत. तिला रागावून विचारलं तर कळलं, की तिने पाण्याऐवजी ग्लिसरीनची बाटली उचलली होती.

"मग मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, सर. पाण्यात ठेवलं की फुटतात. ग्लिसरीनमध्ये नाही फुटत. पुस्तकं धुंडाळली. बाहेर हे कधीचंच माहीत झालंय. पेशी मरत नाहीत, सर. नुसत्या एकमेकींपासून सुटतात."

सरांनी आरशाकडे पाठ केली.

"सुटतात म्हणजे?" सर म्हणाले.

"सरकतात. बाजूला होतात. मध्ये जागा होते."

"आणि मी आयुष्यभर बघितलं ते?"

शंकेखोर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "ते... अमृतामुळे."

सर हसले. मोठ्या मनाचा माणूस लहानाची चूक पोटात घालतो तसं हसले. "बाळ, बाहेर कळलं म्हणतेस, मग मला कुणी कसं नाही कळवलं?"

"तुला?" ताई म्हणाल्या. "तुला कळवायला माणसाने आधी तुझं बोलणं संपेपर्यंत जगायला हवं."

"दाखवू का, सर?" शंकेखोरने पिशवीतून छोटा सूक्ष्मदर्शक काढला, कागदात गुंडाळलेलं पातं काढलं. "तुम्ही बघा आणि मग सांगाल ते मी कोरून घेते. शपथ. काकू, घरात ग्लिसरीन आहे?"

होतं. भेगाळलेल्या टाचांसाठी काकू ठेवायच्या. त्यांनी ते आणलं, आणि सूक्ष्मदर्शक ठेवायला उजेडातली जागा हवी म्हणून टेबलावरच्या बरण्या एकेक करून उचलायला लागल्या. सरांचं लक्ष नव्हतं, नाही तर बरणीला हात लावलेला त्यांनी चालवून घेतला नसता. बरण्या उचलल्या तशी उन्हाची एक पट्टी टेबलावरून उतरून थेट फरशीवर आली. काकू तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. ही इथपर्यंत येते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाल्कनीतल्या कुंडीत लिंबाचं रोप होतं. शंकेखोरने शेंड्याचं अगदी कोवळं पान आणलं, त्याखालचं, मग त्याच्याही खालचं. पात्याने पापुद्र्यासारखे काप काढले, काचेवर ठेवले, वर ग्लिसरीनचा थेंब. सर डोळा लावून बसले.

"हे सगळ्यात कोवळं. काय दिसतं, सर?"

"पेशींचा पुंजका. लहान लहान. गच्च."

"आता हे."

"मध्ये... चीर आहे. पेशींच्या कोपऱ्याशी."

"कुणी फुटलंय?"

सरांनी भिंग जरा फिरवून पुन्हा बघितलं.

"आता हे मोठं पान."

बराच वेळ सरांनी डोळा काढला नाही. मोठ्या पानात ती चीर ऐसपैस पोकळी झाली होती, आणि तिच्याभोवती पेशी गोल बसल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या धडधाकट. पंगतीला बसल्यासारख्या. मधली जागा तेलाने चकाकत होती.

"आता बघत राहा," शंकेखोर म्हणाली, आणि काचेच्या कडेने तिने पाण्याचा एक थेंब आत सोडला.

सरांच्या डोळ्यांसमोर पेशी टम्म फुगायला लागल्या. एक डुगडुगली, फुटली. शेजारची फुटली. त्यांनी झटकन मान मागे घेतली, जणू अंगावर उडालं.

"तुमच्या द्रवात पाणीच जास्त होतं, सर," शंकेखोर हळू आवाजात म्हणाली. "पान त्यात पडलं की हेच व्हायचं. तुम्ही बघायचात तोवर होऊन गेलेलं असायचं."

"सरक, मला बघू दे," ताई उठल्या. एक डोळा मिटून त्यांनी वाकून बघितलं. "मला तर भांडी घासायचा फेस दिसतोय. हं, हं... ही गेली. तीही गेली. अरे शहाण्या!" त्या ताठ झाल्या. "या बिचाऱ्या सुखाने बसल्या होत्या की रे! तूच बुडवून मारायचास आणि तूच शोकसभा घ्यायचास?"

यानंतर सरांनी जे केलं त्याचं वर्णन काकू पुढे कितीतरी वेळा करणार होत्या. सर म्हणाले, "अजून एक पान." मग, "अजून एक." खालचं पान, वरचं पान, किडकं पान. प्रत्येक काप स्वतः बघायचे. "ही बघ, ही फुटण्याच्या बेतात आहे!" म्हणून एका पेशीवर डोळा रोखून बसले, आणि घरातली बाकी तीन माणसं श्वास धरून उभी राहिली. चहावर साय आली. पेशीने फुटण्याचं नाव घेतलं नाही. तोवर कुंडीत लिंबाचा निव्वळ खराटा झाला होता, काटे आणि काड्या. एक तरी हुतात्मा सापडावा म्हणून सरांनी अख्खं गाव भादरलं.

मध्येच काकूंनीही डोळा लावून बघितलं. त्यांना कापातलं फारसं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसलं, की मध्ये मोकळी जागा आहे आणि ती करताना कुणी जिवाला मुकलेलं नाही. जराजरा बाजूला झाल्यात सगळ्या. आपण तर नेहमी एकट्याच बाजूला होतो, त्यांच्या मनात आलं. टेबल आलं तेव्हा, बरण्या आल्या तेव्हा. फ्रीज आला तेव्हाही.

फोन वाजला. पाथरवट. शंकेखोरने तो कानाला लावून सरांकडे बघितलं. सर काहीही म्हणाले असते तरी ते तिला दगडात कोरून घ्यावं लागणार होतं आणि पुढे जन्मभर त्या पाटीखालून वर्गात जावं लागणार होतं.

सरांनी हात पुढे केला. फोन घेतला. घसा खाकरला.

"हो, मीच बोलतोय. ते वाक्य काढा." थांबले. "सगळं. हो, सगळंच. नुसतं 'वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळा'... रिकामं दिसेल? मग अक्षरं मोठी करा." फोन ठेवता ठेवता पुन्हा कानाला लावला. "आणि माझं नावही नको."

"नाव राहू दे, सर!" शंकेखोर म्हणाली.

"अगं, नावावर पाणी पडलं की तेही फुगतं," ताई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं. मग त्यांनी गार झालेला चहा स्वतः नेऊन गरम करायला ठेवला. ताईंनी गॅसला हात लावणं ही त्या घरात पाटी बसवण्याइतकी मोठी गोष्ट होती.

शंकेखोर वाकून नमस्कार करून निघाली. सर टेबलाशी बसून राहिले. बरण्यांकडे बघत होते, पण काकूंना आता त्यांच्याबद्दल वाईट वाटायला लागणार एवढ्यात सरांची पाठ ताठ झाली. ही ताठ पाठ काकू ओळखून होत्या.

"अगं, इकडे ये. मला सगळं लख्ख दिसलं. पेशी फुटत नाही, हे मी उद्या व्यासपीठावरून सांगणार. आणि पुढे सांगणार, की मित्रहो, अशीच एक चूक मी माझ्या घरात केली." त्यांचा हात चष्म्याकडे गेला. "जिला मी त्यागाची मूर्ती म्हणत आलो, तिला मी माझ्याच पाण्यात..."

"अहो."

"थांब, हे छान जमतंय. माझ्याच पाण्यात बुडवून..."

"अहो, चष्मा ठेवा खाली."

सरांनी चष्मा खाली ठेवला. इतक्या वर्षांत ही सूचना त्यांना प्रथमच मिळत होती.

"मी नोकरी कंटाळून सोडली होती," काकू म्हणाल्या. "तो अधिकारी पेन्सिली चघळायचा. मला दुपारी झोपायचं होतं. तुमच्या संशोधनाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. माझं काही फुटलेलं नाही. माझी मूर्ती नको आणि उद्या सगळ्यांसमोर माझी माफीही नको."

आत गॅसवर चहा उतू गेल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ताईंचा, "मी लक्ष ठेवून होते हं!"

सर गोंधळून बायकोकडे बघत होते. चष्म्याशिवाय ती त्यांना जरा अस्पष्टच दिसत असणार, पण बघत होते. "मग तुला काय हवंय?" ते म्हणाले, आणि सवयीने आवाज चढलाच, "माग! आज काहीही माग!"

"हे टेबल दोन हात तिकडे सरकवा," काकू म्हणाल्या. "मला खिडकीपाशी खुर्ची ठेवायची आहे."